पाहुण्यांना जेवायला न्यायचंय, वाइन मागवायची कशी?

उद्यमबाग_लेथ | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. हा धागा खाण्याचा की धंद्याचा ते मला ठरवता आलं नाही, म्हणून 'इतर'मध्ये टाकतोय.

बेळगावात उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. व्हॉल्व्ह बॉडी, पंपाचे पार्ट, असलं जॉबवर्क. पुण्याची एक पार्टी चार वर्षं काम देतेय. त्यांचे परचेसचे साहेब येत्या गुरुवारी येतायत. या खेपेला मिसेस बरोबर आहेत, दुसऱ्या दिवशी चोर्ला घाटानं गोव्याला उतरणार. रात्रीचं जेवण माझ्याकडे, म्हणजे बाहेर. मी आणि माझी बायको, ते दोघं, असे चौघं.

आता अडचण सांगतो. मागच्या वर्षी दुसऱ्या एका पार्टीला घेऊन गेलो होतो. मी आपला दोन पेग रमवाला माणूस. ते म्हणाले, "आम्हाला वाइन चालेल," आणि मला घाम फुटला. कार्डाच्या शेवटच्या पानावर आठ नावं, त्यातलं एक नीट वाचता येईना. महाग म्हणजे चांगली असेल म्हणून खालून पहिली रेड सांगितली. बाटली आली ती किचनच्या दारापाशी असलेल्या रॅकवरून, हाताला चक्क कोमट. जेवायला मी सांगून बसलो होतो चिकन चिली आणि कोल्हापुरी मटण. पाहुण्यांनी दोन घोट घेतले, ग्लास हळूच बाजूला सरकवला आणि पाणी मागितलं. बिल ७,८०० रुपये. उरलेली बाटली घरी आणली. दोन दिवसांनी बायको विचारते, "हे व्हिनेगर कशाला आणलंय?"

तेव्हा जाणकारांनी सांगा. वाइनचं आणि जेवणाचंही. एकदा हसं झालंय, परत नको.

शहापूरकर | सोमवार, रात्री १०.३१

काय सांगूलास गा! आमच्या गल्लीच्या तोंडाला वाइन शॉप आहे. पाटी एवढी मोठी. वीस वर्षांत तिथनं कुणी वाइन घेतलेली मी बघितली नाही. एकदा मुद्दाम विचारलं तर मालक म्हणाला, "कुणासाठी, पेशंट आहे काय घरात?"

खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.

वडगावची_सून | सोमवार, रात्री १०.५०

वाइन राहू दे बाजूला. गुरुवारी येतायत म्हणता, ते गुरुवार पाळतात का हे विचारलंत?

हसू नका. आमच्या ह्यांच्या साहेबांना आम्ही असंच मोठ्या हौसेनं नेलं होतं. कबाबाची ताटली टेबलावर आली, सगळ्यांनी हात पुढे केले, आणि साहेबांच्या बाई म्हणाल्या, "आज संकष्टी आहे हो." त्या बिचाऱ्या चंद्रोदयापर्यंत फ्रेश लाइम सोडा पीत बसल्या आणि आम्ही त्यांच्यासमोर कबाब खाल्ले. आजही आठवलं की कानकोंडं व्हायला होतं. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी, श्रावण, पुढे नवरात्र. आपल्या भागात निम्मे लोक सोमवारी खात नाहीत, उरलेले शनिवारी. पुणेकरांचे वार वेगळे असतील. साहेबांना नाही तर त्यांच्या ऑफिसातल्या कुणाला फोन करून विचारा: काय खातात, काय वर्ज्य आहे, कांदा-लसूण चालतो का, शेंगदाण्याची अॅलर्जी वगैरे आहे का. आपल्याकडे चटणीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात शेंगदाणा असतो, हे बाहेरच्यांच्या लक्षातही येत नाही.

आणि गाडी कोण चालवतंय? ड्रायव्हर बरोबर असेल तर त्याच्या जेवणाचं काय ठरवलंय?

उद्यमबाग_लेथ | सोमवार, रात्री ११.०४

ड्रायव्हर आहे. त्याच्या जेवणाचा विचारच केला नव्हता, खरं सांगतो. उद्या सकाळी फोन करतो.

जुना_कॅप्टन | सोमवार, रात्री ११.४८

हिंदवाडीत राहतो, आता रिटायर. वीसेक वर्षं ट्रे उचलला, आधी गोव्यात, मग जहाजावर, शेवटी कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुख्य, झालो. वेटरच्या बाजूनं काय दिसतं ते सांगतो.

ऑर्डर टेबलावर बसल्यावर द्यायची नसते, आधी देऊन ठेवायची असते. उद्या दुपारी साडेतीन-चारच्या सुमाराला त्या हॉटेलात जा. दुपारची पंगत उठलेली असते, रात्रीची मांडामांड सुरू व्हायची असते, कॅप्टन मोकळा असतो. त्याला सांगा, गुरुवारी रात्री चौघं, पाहुणे आहेत, वाइन लागेल. मग बाटल्या बघायला मागा. लाजायचं नाही, भाजी घेताना वांगं दाबून बघताच की. व्हाइट असेल तर लेबलावरचं साल वाचा. आपल्याकडच्या साध्या व्हाइट वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या, ठेवून त्या मुरत नाहीत. आणि बेळगावात वाइन उठते किती? चार वर्षांपूर्वीची व्हाइट, ट्यूबलाइटखाली उभी करून ठेवलेली, दोन उन्हाळे खाल्लेली. ती बाटली मेलेली असते, नुसती पुरायची राहिलेली. सगळ्यात ताजं साल कुठलं ते बघा, ती बाजूला काढून गुरुवारी सकाळीच फ्रीजमध्ये आडवी घालायला सांगा. शंभर-दोनशे रुपये हातावर ठेवलेत तर विसरणार नाही.

रेड 'रूम टेंपरेचर'ला द्यायची असं जो तो सांगतो. ती रूम युरोपातली हो, जुन्या दगडी घरातली, १६ ते १८ अंशांची. आपली एप्रिलातली रूम म्हणजे भट्टी. रेडसुद्धा वीस-पंचवीस मिनिटं फ्रीजमध्ये घालून आणायला सांगा. व्हाइट ८ ते १२ अंश. बुडबुड्यांची असेल तर त्याहून गार.

तुमचं मागच्या वेळी बाटलीत फार चुकलं नव्हतं, मिरचीत चुकलं. रेडला द्राक्षाच्या सालीमुळे एक तुरटपणा येतो, त्यात १३-१४ टक्के अल्कोहोल. तिखटानं जीभ पेटलेली असली की हे दोन्ही त्या आगीवर तेल ओततात. चिकन चिलीवर तुरट रेड म्हणजे शिक्षा. तिखट खायचं असेल तर किंचित गोडसर, गार व्हाइट घ्या. आपल्या नाशिकच्या शेनिन ब्लांकमध्ये तो गोडवा असतो. रेडला मटण हवं, पण झणझणीत नको. चरबी आणि मांस तुरटपणा ओढून घेतं. मटण रोस्ट, सुकं, शिकमपुरी कबाब, असलं काही. मासा, हरियाली पनीर, कोथिंबीर-पुदिन्याचं काहीही असेल तर सोव्हिन्यों ब्लांक ही व्हाइट, ती आंबट-हिरवट लागते, लिंबू पिळल्यासारखं काम करते. तंदुरी चिकनला रोझे लावा, गुलाबी रंग बघून पुरुषमंडळी नाक मुरडतात पण बाटली तीच आधी संपते.

एक आणखी. कॅप्टन बाटली आणून लेबल दाखवतो आणि तुमच्या ग्लासात घोटभर ओततो. लोकांना वाटतं, आवडली का ते सांगायचं. तसं नाही. बाटली खराब नाही ना, एवढंच बघायचं. बुचाची बाटली बिघडली की भिजलेल्या पुठ्ठ्याचा, ओल्या वर्तमानपत्राचा वास येतो. तो आला तर परत पाठवा, हक्क आहे. नुसती आवडली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. आणि झाकण फिरकीचं असेल तर हलकी समजू नका. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांना आता तेच असतं, त्यात बुचाचा तो वास येण्याचा प्रश्नच नाही.

झोप येतेय, जेवणाचं उद्या लिहितो.

निपाणीकर | मंगळवार, सकाळी ७.२०

कॅप्टनसाहेब, वाचनखूण साठवली.

पैशाचं मी सांगतो. पाहुण्यांसमोर "जरा स्वस्तातली दाखव" असं म्हणता येत नाही, ही खरी गोची. उपाय सोपा आहे. कार्ड हातात घ्यायचं, परवडेल त्या आकड्यावर बोट ठेवायचं, वेटरला दाखवायचं आणि म्हणायचं, "मी अशा प्रकारची काहीतरी बघतोय." वेटर आकडा वाचतो, पाहुण्याला वाटतं नाव दाखवलं. याचा दुसरा फायदा, नावाचा उच्चार करावा लागत नाही. आमच्या एका मित्रानं भर टेबलावर 'मेरलॉट' मागितली होती, पाहुणा हळूच 'मेर्लो' म्हणाला, आणि पुढचा तासभर मित्र गप्प.

७५० मिलीच्या बाटलीत दीडशे मिलीचे पाच ग्लास होतात. दोघंच पिणारे असतील तर एक बाटली पुरे. एकच जण असेल तर ग्लासानं मागवा, पण विचारून घ्या की बाटली कधी उघडलीय. कालची चालेल, गेल्या रविवारची नको.

बिलाचं: जेवणावर साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के जीएसटी लागतो, दारू जीएसटीच्या बाहेर आहे, म्हणून दारूचा हिशोब वेगळा येतो. घाबरू नका. 'सर्व्हिस चार्ज' म्हणून काही लावलं असेल तर ते आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ साली तसं स्पष्ट केलंय. पण पाहुण्यांसमोर त्यावरून वाद घालायचा नाही. बिल टेबलावर येऊच द्यायचं नाही. हात धुवायला म्हणून उठायचं आणि काउंटरवर भागवून यायचं.

कोरडा_माणूस | मंगळवार, सकाळी ८.०५

आयुष्यात थेंब घेतलेला नाही, त्यामुळे मला अशा जेवणांचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. वाइनची एवढी चर्चा चाललीय, न पिणाऱ्याचं काय? सगळ्यांचे ग्लास तीनदा भरले जातात आणि माझ्यासमोर तोच कोमट झालेला थम्सअप. वर "घ्या हो थोडी, वाइन म्हणजे द्राक्षाचा रस" हे आहेच. द्राक्षाचा रस असता तर परवाना कशाला लागला असता?

न पिणाऱ्याला तितक्याच थाटात काहीतरी द्या. सोलकढी, फ्रेश लाइम सोडा, मसाला ताक. त्याच उंच ग्लासात. आणि एकदा 'नको' म्हटलं की संपलं. आपल्याकडे जेवणाचा आग्रह ठीक, कानडी घरात "साक् री, साक् री" (पुरे हो, पुरे) म्हणत पानावर आडवा हात धरला तरी वाढतात, त्यात माया असते. दारूच्या आग्रहात नसते.

खानापूर_लाईन | मंगळवार, सकाळी ९.३०

मला मूळ मुद्दाच पटत नाही. पुण्याच्या माणसाला बेळगावात आणून पनीर बटर मसाला आणि नाशिकची वाइन? ते त्याला बाणेरला मिळतं. साध्या खानावळीत न्या. ज्वारीची कडक भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरलं वांगं, शेंगाचटणी, मोड आलेल्या मटकीची उसळ, वर घट्ट दही. नाहीतर मटणाची चांगली थाळी. दीड-दोनशेत माणूस खूश होतो आणि वर्षभर आठवण काढतो.

शहापूरकर | मंगळवार, सकाळी ९.४१

+१. आणि शेवटी आपला खव्याचा कुंदा. विषय संपला.

जुना_कॅप्टन | मंगळवार, सकाळी ११.१५

खानापूर_लाईन, खानावळीबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. पण ती दुपारची गोष्ट. रात्री नऊला पुण्याहून साडेतीनशे किलोमीटर गाडीत बसून आलेली बाई, तिला स्टीलच्या टेबलावर शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसवणार? चांगल्या खानावळी रात्री लवकर आवरतात, भाकरी करणाऱ्या बायका आठला घरी जातात, मग उरते ती सकाळची भाकरी. त्यांना शुक्रवारी गोव्याला निघण्याआधी साडेअकराला न्या. पहिली भाकरी तव्यावरून उतरताना.

आता रात्रीच्या ऑर्डरचं.

हॉटेलच्या किचनमध्ये पन्नास भाज्या नसतात, तीन-चार ग्रेव्ह्या असतात. पांढरी, म्हणजे काजू-मगजाची. लाल, टोमॅटो-मखनीची. पिवळी किंवा तपकिरी, कांद्याची. फार तर पालकाची हिरवी. बाकी सगळी नावं यांची मिसळामिसळ. तुम्ही पनीर बटर मसाला, काजू मसाला आणि मलई कोफ्ता मागवलात, तर तीन वाट्यांत एकच गोड-गुळचट चव तीनदा येते. लोक म्हणतात जेवण जड झालं. जड होणारच, अर्धा किलो काजू गेलाय पोटात. म्हणून एक ग्रेव्ही लाल, एक कोरडी भाजी, एक डाळ, बस. भेंडी कुरकुरी असो, जिरा आलू असो, कोरडं काहीतरी हवंच.

चौघांना दोन स्टार्टर. चार नाही. आपला माणूस मानासाठी मागवतो, पहिल्या अर्ध्या तासात पोटं भरतात आणि मेन कोर्सला सगळे रोटीचा एक-एक तुकडा मोडून बसतात. कमी मागवा, लागलं तर परत सांगता येतं. आणि वेटरला "काय चांगलंय?" हे कधी विचारू नका. तो "सगळं चांगलंय साहेब" असंच म्हणणार, त्याची नोकरी आहे. विचारा, "सगळ्यात जास्त काय जातं?" जे जास्त जातं ते ताजं असतं. माशाला विचारा, "आज आलाय की फ्रीजरमधला?" मासा आपल्याकडे गोव्या-कारवाराकडून येतो, गाडी आली नाही तर नाही, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तंदूर पेटलाय का तेही विचारा. पावणेआठला तंदूर पूर्ण तापलेला नसतो, नान पांढरट येते.

अवांतर: आपल्या हॉटेलांची गंमत म्हणजे कार्ड कन्नड-इंग्रजीत, ऑर्डर मराठीत, वेटर ओडिशाचा, तो हिंदीत लिहून घेतो आणि किचनमध्ये नेपाळीत सांगतो. शेवटी जे येतं त्यावर समाधान मानायचं. म्हणून ऑर्डर परत वाचून घ्या.

कुंद्याबद्दल शहापूरकरांना एक विनंती. वाइन चालू असताना कुंदा आणू नका. गोड पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट लागते, आणि कुंद्यापेक्षा गोड वाइन अजून कुणी केलेली नाही. ग्लास उचलले जाऊ देत, पाणी पिऊन होऊ दे, मग कुंदा. किंवा डबा बांधून हातात द्या. मांडे देणार असाल तर प्रवासात चुरा होईल, सांगून ठेवतो.

अथणीचा_बागायतदार | मंगळवार, दुपारी २.४०

आमच्याकडं खरड छाटणी चालू हाय, म्हणून उशीर.

द्राक्षाचा विषय निघाला म्हणून. पाहुणे विचारतील, "तुमच्या जिल्ह्यात द्राक्ष होतात, मग वाइन का नाही?" तर सांगा. अथणी, तिकडं विजापूर, सांगली, आमचा बराचसा माल बेदाण्याचा. थॉमसन, सोनाका, माणिक चमन. बिनबियांची, पातळ सालीची. वाइनची द्राक्षं वेगळी. बारीक मणी, जाड साल, आत बी. खायला घेतलं तर तुम्ही थुंकाल. पण रंग आणि तुरटपणा त्या सालीतनंच येतो. साखर बावीस-चोवीस ब्रिक्सला आली की जानेवारी ते मार्चमध्ये तोडायची. युरोपात तोड सप्टेंबर-ऑक्टोबरला, आपली उलटी. आपण वर्षातनं दोनदा छाटतो, एप्रिलात काडी तयार करायला, आणि पाऊस सरताना फळासाठी. एवढं सांगितलं तरी पाहुणा गप्प बसून ऐकतो, अनुभव हाय.

मागवायचीच तर कर्नाटकातली मागवा की. बेंगळुरूजवळ नंदी हिल्सच्या पायथ्याची ग्रोव्हर, त्यांची ला रिझर्व्ह ही काबर्ने-शिराझ द्राक्षांची रेड जुनी आणि नावाजलेली. आपल्या बाजूचं पाहिजे तर अकलूजची फ्रातेल्ली. सोलापूर जिल्हा, घरातलंच म्हणायचं.

उद्यमबाग_लेथ | मंगळवार, सायंकाळी ६.२२

मंडळी, फोन केला आणि बरं झालं केला.

साहेब गुरुवार पाळतात. वडगावच्या वहिनी, दंडवत. शिवाय गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाल्यापासून साहेब पीत नाहीत. वाइन मिसेसना आवडते, आणि मासा. म्हणजे मी ज्यांच्यासाठी रेड शोधत होतो त्यांना लिंबू सरबत हवं होतं.

आता साहेब शाकाहारी, मॅडम मासा आणि वाइन, मी रम (जमल्यास), बायको काहीच नाही. हे एका टेबलावर कसं बसवू?

जुना_कॅप्टन | मंगळवार, सायंकाळी ७.०१

सोपं झालं की. सोव्हिन्यों ब्लांक. सुरमई किंवा पापलेट तंदूर, कमी तिखट, आणि साहेबांना हरियाली पनीर टिक्का. एकच चटणी दोघांना चालते. पनीर आणि मासा एका ताटलीत आणू देऊ नका, वेगळ्या सळया, वेगळी ताटली, आधीच बजावा. वार पाळणाऱ्याला तो वास शेजारून आला तरी चालतो, चमचा एक झालेला चालत नाही.

तुमची रम त्या दिवशी राहू दे. मॅडम एकट्या पिणार म्हणून तुम्ही एक ग्लास वाइन घ्या, सोबत म्हणून. आणि वाइनचं कार्ड मॅडमच्या हातात द्या, साहेबांच्या नव्हे. यजमान म्हणून तुम्हीच निवडलं पाहिजे असं काही नाही. "तुम्हाला यातलं जास्त कळतं, तुम्हीच सांगा," यात कमीपणा कसला?

वडगावची_सून | मंगळवार, सायंकाळी ७.१५

आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. एक ग्लास असला तरी. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, पहिल्यांदा सापडलात तर दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पाहुण्यांसमोर पोलिसाच्या नळीत फुंकर मारताना कसे दिसाल?

निपाणीकर | मंगळवार, सायंकाळी ७.३०

आणि मॅडमना गोव्यातून वाइन स्वस्त मिळते म्हणून परतताना डिकी भरायची इच्छा झाली तर अडवा. 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' छापलेली बाटली परवान्याशिवाय हद्दीबाहेर आणता येत नाही, वाटेत तपासणी नाका आहे.

उद्यमबाग_लेथ | शुक्रवार, दुपारी ३.५०

वृत्तांत देतो.

बुधवारी चारला हॉटेलात गेलो. कॅप्टन तरुण पोरगा, आधी बुचकळ्यात पडला. व्हाइट दोनच होत्या. एकीवरचं साल वाचलं, पाच वर्षांपूर्वीचं, रंग मधासारखा झालेला. ती नको म्हटलं. दुसरी गेल्या वर्षीची, नाशिकची सोव्हिन्यों. ती बाजूला काढून तिच्यावर चिकटपट्टीनं माझं नाव लावलं. फ्रीजमध्ये लस्सीच्या पातेल्याशेजारी माझ्या नावाची बाटली, फोटो काढायला हवा होता.

गुरुवारी साडेआठला पोचलो तर हॉलमध्ये साखरपुड्याची मंडळी. दोनशे माणूस. सगळा तंदूर त्यांच्या नानसाठी राबत होता. आमचे स्टार्टर यायला पन्नास मिनिटं लागली. एरवी मी चिडून दोनदा काउंटरवर गेलो असतो. पण बाटली गार होती, ती आधी आली, मसाला पापड आला, आणि मी अथणीकरांची द्राक्षं लावून दिली. दोन छाटण्या, सोनाका, बेदाणा, सगळं. साहेब शेतकऱ्याच्या घरातले निघाले, नारायणगावचे, त्यांच्याही घरी द्राक्षबाग आहे. मग ते बोलू लागले ते थांबेचनात.

एक चूक झाली. वेटरनं बाटली उघडली आणि घोटभर सरळ साहेबांच्या ग्लासात ओतली. मी सांगायला विसरलो होतो. मॅडम हसल्या, साहेबांनी ग्लास उचलून बायकोसमोर ठेवला आणि म्हणाले, "आमच्या घरात चव यांनी घ्यायची असते." त्यांनी वास घेतला, मान हलवली. दुसरा ग्लास वेटरनं काठोकाठ भरला, रसना भरतात तसा. मॅडमनी तोही तितक्याच शांतपणे उचलला.

सुरमई आदल्या दिवशीची आहे असं पोरानं आपणहून सांगितलं, म्हणून पापलेट घेतलं. ग्रेव्ही एकच, लाल. भेंडी कोरडी. डाळ. चौघांत सगळं संपलं, वाटीला पोळी पुसली असं म्हणा. बिल ५,१४०, तेही बाटलीसकट. बायकोनं सोलकढी दोनदा मागवली, साहेबांनीही.

आज साडेअकराला भाकरी खाल्ली. खानापूर_लाईन, तुमचं बरोबर होतं, साहेबांनी फोटो काढला तो भाकरीचा, पापलेटाचा नाही.

शहापूरकर | शुक्रवार, दुपारी ४.०२

ते राहू दे गा. ऑर्डर मिळाली काय?

उद्यमबाग_लेथ | शुक्रवार, दुपारी ४.१०

गाडीत बसता बसता म्हणाले, "रेट जरा बघा पुढच्या लॉटला." ते नेहमीचंच. कुंद्याचे दोन डबे मात्र मांडीवर घेऊन बसले, डिकीत ठेवू देईनात.

वडगावची_सून | शुक्रवार, दुपारी ४.३५

ड्रायव्हर जेवला का?

उद्यमबाग_लेथ | शुक्रवार, दुपारी ४.४०

जेवला. त्याला आधीच विचारलं होतं, गुरुवार-बिरुवार काही नाही म्हणाला. मटण थाळी, रस्सा तीनदा. पोरगा सांगत होता, चौथ्यांदा मागितला तेव्हा संपला होता.